बारा नंबरचा घेवडा

माझा पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या खणात, लाटण्याशेजारी पडून आहे. वर्क परमिट उन्हाळ्यात संपलं. मुदतीत नवा अर्ज केला की कॅनडात राहता येतं, कामही करता येतं. पण देशाबाहेर गेलं तर परत येऊन काम करता येईल याची हमी नाही. वकीलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "फिरायचंच असेल तर इथल्या इथे सस्काटूनला जा."

मला जायचं होतं मलावीला.

घेवड्याचे वाण तयार करणं हे माझं काम. बाहेर उणे तीस असताना इथल्या रेजिना शहरातल्या काचघरात दिव्यांखाली रोपं वाढवायची, संकर करायचे आणि बी मलावीतल्या संशोधन केंद्राला पाठवायचं. तिथल्या बायका आपल्या एकरभर रानात मक्याच्या ओळींमध्ये ते लावतात. मी कोरेगावची, वाघ्या घेवड्यावर वाढलेली. घेवड्याबद्दल मला कोणी काही शिकवावं असं मला वाटत नसे. आधी दोनदा मलावीला जाऊन आले होते, पण शेतं आणि कचेऱ्याच पाहिल्या. तिसऱ्या खेपेला चुलीशी बसायचं ठरलं होतं. ती खेप परमिटपायी गेली.

आमचा बारा नंबरचा लाल घेवडा पाऊस लवकर संपला तरी शेंगा भरायचा. पिकाच्या पाहणीत बायकांनी आवडत्या वाणापुढे खडे ठेवले, तेव्हा सगळ्यात मोठा ढीग त्याच्यापुढे झाला. फेब्रुवारीत तिथली समिती त्याला मंजुरी देणार होती. मंजुरी मिळाली तर आमच्या प्रकल्पाला मुदतवाढ, नाहीतर मार्चअखेर तो बंद. माझी नोकरी प्रकल्पावर, आणि परमिट, पुढे कायम राहण्यासाठीचा पीआर, सगळं नोकरीवर.

जानेवारीत एका सकाळी तिकडच्या केंद्रातल्या माझ्या सहकारी बाईचा फोन आला. ती माझ्याच वयाची. तिकडे मानाच्या बाईला 'अमाई' म्हणतात, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना तेच म्हणतो. बाकी बोलणं इंग्रजीत.

"अमाई, शिजवून बघायला बायकांना वाटी वाटी दिला होता ना, त्या चिडल्यात. तुझा बारा नंबर शिजतच नाही. एक म्हणाली, हा खायचा की भिंतीत बसवायचा?"

"पाऊण तासात शिजतो. मी स्वतः मोजलंय."

"कसा शिजवलास?"

"कसा म्हणजे? रात्री भिजत घातला, सकाळी..."

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "इथे कोण भिजवतं? रंग जातो, चव जाते. आणि संध्याकाळी काय शिजवायचं ते आम्ही संध्याकाळी ठरवतो. तुझ्याकडे काय आदल्या दिवशी ठरतं?"

आमच्याकडे आदल्या दिवशीच ठरतं. आईकडे ठरायचं, माझ्याकडेही ठरतं. चाचणीच्या तक्त्यात दोन रकाने असतात, 'भिजवून' आणि 'न भिजवता'. कडधान्य न भिजवता कोण शिजवतं, म्हणून दुसऱ्या रकान्यात मी सरळ रेघ मारली होती. परमिटला दोष देता आला असता, पण ती रेघ मीच मारली होती.

त्याच दिवशी प्रयोगशाळेत कोरडे दाणे लावले. शिजण्याच्या यंत्रात पंचवीस दाणे बसतात आणि प्रत्येकावर एक सळई टेकलेली असते. दाणा मऊ झाला की सळई आरपार खाली पडते. वीस पडल्या की शिजला असं धरायचं. पहिल्या तासात एक पडली. दुसऱ्या तासात चार. मी स्टुलावर बसून राहिले. तीन तास होत आले तेव्हा विसावी पडली. तिथे हे तास सरपणावर काढायचे असतात, आणि सरपण डोक्यावरून आणायचं असतं.

प्रकल्पाचे प्रमुख सभ्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "वाण उत्तम आहे. बियाण्यासोबतच्या पत्रकात एक ओळ घालू, 'आधी भिजवावा' म्हणून." तोडगा मला आवडला. दिवसभर आवडत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी अमाईला फोन करून तो सांगितला.

"पत्रक चांगलं जाड कागदाचं काढा," ती म्हणाली. "चूल पेटवायला होईल. नाहीतर तू ये आणि घरोघरी फिरून आठवण कर."

"मला येता येत नाही, माहितीये तुला."

"माहितीये. पण समितीकडे गेलेल्या अहवालावर सही तुझी आहे. समितीत मी काहीही बोलले तरी ते तुझा आकडा दाखवतील."

फोन ठेवल्यावर रेघ मारलेल्या रकान्यात खरा आकडा भरला. सुधारित अहवाल समितीला पाठवला आणि प्रमुखांना त्याची प्रत. दोन दिवस ते माझ्याशी फक्त ईमेलने बोलले.

समितीने बारा नंबर बाजूला ठेवला. आमच्या प्रकल्पाला चार महिने मिळाले, उरलेले वाण न भिजवता शिजवून बघण्यापुरते. परमिटचं पत्र अजून आलेलं नाही. मी रोज सकाळी दारापुढचा बर्फ शोव्हल करते, कामावर जाते, सळया पडण्याची वाट बघत बसते आणि घरी येते.

बारा नंबरचं थोडं बी उरलं होतं. ते घरी आणलं, रात्री भिजवलं आणि गोडा मसाला घालून उसळ केली. आमच्या मुलीने पहिली वाटी संपवली.

"आई, धिस इज ॲक्च्युअली गुड. व्हॉट काइंड इज इट?"

"नापास झालेला," म्हटलं, आणि तिला आणखी वाढला.