जेठानीनी बी कंबर दुखस

नव्वदच्या दशकात मी धुळ्याला डॉक्टरकी शिकत होतो. आमच्या विभागात स्नायूंच्या दुखण्यावरच्या एका मलमाची चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांना खरं मलम, निम्म्यांना औषध नसलेलं साधं; कुणाला कोणतं, हे आम्हालाही ठाऊक नसे. दुखणं किती उतरलं ते विचारून लिहून घेणं माझ्याकडे होतं.

कापूस वेचून कंबर धरलेल्या एक अक्का आठवड्याने तपासणीला आल्या. त्यांची ट्यूब भलतीच लवकर संपली होती. विचारलं तर म्हणाल्या, "जेठानीनी बी कंबर दुखस ना भाऊ. तिले अर्धं दिधं."

चाचणीतलं अर्धं मलम जावेच्या कमरेला! मी कपाळाला हात लावला आणि घाबरत सरांना सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "त्यांचं नाव चाचणीतून काढा, नेहमीचं औषध द्या. पण मलम वाटायचं नाही, हे त्यांना समजेल असं सांगितलं होतं का तुम्ही?"

नव्हतं. मी छापील कागद घडाघडा वाचून दाखवला होता. मग अक्कांजवळ बसलो आणि माझ्या मोडक्या अहिराणीत सगळं पुन्हा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात अक्का गावातल्या कंबर दुखणाऱ्या तिघींना चाचणीसाठी घेऊन हजर! "यास्नी आजून काहीच लायेल नई," त्या मला म्हणाल्या. मी कागद उघडण्याआधीच तिघींकडे वळून त्यांनी दम भरला, "मलम कोनले देवानं नई, बरं! नहीतं ह्या भाऊना बठ्ठा हिशोब चुकस."