रुमालाखालचं उत्तर

माझ्या सख्ख्या भाच्याने मला फसवलं. माझं उत्तर स्वतःचं म्हणून सांगितलं आणि स्वतःचा प्रश्न माझ्या गळ्यात मारला.

मी बैलबाजारातला दलाल. शाळा चौथीत सुटली, बाकी सगळं बाजारात शिकलो. भाचा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. एका रविवारी धामणगाव बढ्याला माझ्याकडे आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. मास्तरांपुढे भाषण होतं आणि विषय सोपा करून सांगता येत नव्हता.

“मामा, हे कण पाहीपर्यंत एकाच वेळी दोन्हीकडं झुकलेले राह्यतात, अन् एकमेकांत गुंतलेले. असे पुष्कळ कण मिळून पुढं काय करतील, हे कॉम्प्युटरवर मांडाचं तर एक कण वाढला की मांडणी दुप्पट. मोठ्यात मोठी मशीन थकते. कसं करावं?”

“मांडतं काऊन बे?” मी म्हणालो.

आमच्यात भाव रुमालाखाली ठरतो. घेणारा-विकणारा दोघांचे हात झाकलेले, बोटं दाबून बोली. रुमाल उचलेपर्यंत काही पक्कं नसतं, आणि एका जोडीचा सौदा शेजारच्या जोडीला हलवतो. बाजार कसा फिरेल ते मी आधी वहीत मांडायचो. डोकं फिरायचं. मग आदल्या दुपारी गोठ्यात माझीच आठ माणसं रुमालाखाली हात घालून बसवू लागलो. ज्याला ज्या गिऱ्हाइकाचा स्वभाव ठाऊक, त्याने तसं वागायचं. उद्याचा बाजार तिथेच दिसायचा.

“तुह्या कणाइले वहीत कोंबू नको,” मी म्हणालो. “आपल्या हातातले तसलेच कण घे, तसेच गुंतव, अन् पाह्य काय होते ते.”

तो ताडकन उठला. “मामा, बाहेरदेशी एक शास्त्रज्ञ आता हेच म्हणून राह्यला! तसल्याच कणांची मशीन करा म्हणते. पण मले हे असं सांगता येत नव्हतं.” माझा शब्द न् शब्द त्याने लिहून घेतला.

भाषण बुलढाण्याला शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी धुतलेलं धोतर नेसून तिसऱ्या रांगेत.

“माझ्या ओळखीचा एक अडाणी दलाल आहे,” भाचा पुस्तकी मराठीत म्हणाला. “त्याने मला विचारलं, साहेब, एवढे कण वहीत मावतील कसे? मी म्हटलं, बाबा, तुझ्या रुमालाकडेच बघ ना!”

हॉल हसला. शेजारचा मास्तर हसता हसता माझ्याच मांडीवर थाप मारून गेला. म्हातारा बैल जवान म्हणून विकणारे मी शेकड्याने पाहिले, पण सवाल एकाचा आणि जबाब दुसऱ्याचा अशी अदलाबदल भरसभेत करणारा पहिलाच.

बाहेर त्याला गाठला.

“लोकाइले समजावं म्हणून तसं सांगतलं, मामा. तुमचं नाव कुठं घेतलं?”

“घेतलं नाही, तेच तर! दलाल अडाणी काऊन? साहेब तू काऊन?”

तो चपला घालत राहिला.

आता दुसरे मास्तरही ही गोष्ट वर्गात सांगतात, अडाणी दलालासकट. भाच्याचं “चुकलं मामा” मला घरात बसून नको आहे. त्याने त्याच हॉलमध्ये तेच मास्तर बोलवावेत आणि उभं राहून सांगावं, त्या रविवारी ओट्यावर विचारलं कोणी आणि सांगितलं कोणी?