डेल्मरचा दाणा

व्हर्लीन स्टकी जन्मली ती कॅफेच्या माडीवर, आणि नेब्रास्कातल्या हॅडली गावात तिला कॅफेबाहेर पाहिल्याचं फारसं कुणाला आठवत नाही. आई थकली तशी झारा व्हर्लीनच्या हातात आला. लग्नसुद्धा तिनं सकाळची गर्दी ओसरल्यावर उरकलं आणि दुपारी पुन्हा एप्रन बांधला. नवरा डेल्मर गुरं पाळायचा आणि बोलायचा कमी. टेबलावरची माणसं म्हणायची, दोघांच्या वाटचं व्हर्लीनच बोलते.

ते टेबल खिडकीशी होतं. गावातले शेतकरी सकाळी तिथे जमत. प्रत्येकाच्या नावाचा मग भिंतीवरच्या खुंटीला असे. माणूस गेला की मगावरचं नाव भिंतीकडे वळवायचं, एवढंच सुतक. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीचा सोमवार आला की वाद रंगायचा: आजवरचा सगळ्यांत थोर अमेरिकन कोण? काउंटरवर दोन बरण्या, एक लिंकनची, एक वॉशिंग्टनची. जिवंत माणसानं बरणीतून आपला मक्याचा दाणा काढायचा, मनसोक्त भांडायचं, आणि पुन्हा टाकायचा. मेलेल्याचा दाणा मात्र जिथे पडला तिथेच राहायचा. ज्याचे दाणे जास्त, त्याचं नाव वर्षभर फळ्यावर. तिसरी एक बरणी होती, कोरी. तिच्यात टाकणाऱ्यानं नाव मोठ्यानं सांगायचं. एकदा कुणी एडिसनचं नाव घेतलं होतं. पुढल्या फेब्रुवारीपर्यंत त्याची इतकी टर उडाली की त्यानं दाणा निमूट वॉशिंग्टनच्या बरणीत हलवला.

डेल्मर दरवर्षी लिंकनला द्यायचा. त्या शेवटच्या सकाळी कोट चढवताना मात्र म्हणाला होता, "एकदा तिसऱ्या बरणीत टाकायचाय मला."

"कुणाच्या नावानं?"

"आल्यावर सांगतो."

बर्फाचं वादळ होतं. टेबलावरच्या ऑर्व्हिलचा ट्रक रस्त्यात अडकलाय म्हणून डेल्मर तो ओढून काढायला साखळदंड घेऊन निघाला होता. ऑर्व्हिल कुंपणाची तार धरत धरत घरी पोचला. डेल्मरची गाडी पुलाखाली सापडली, नदीच्या फुटलेल्या बर्फाशी. तो सापडला नाही.

तेव्हापासून त्याच्या मगावरचं नाव खोलीकडेच होतं. व्हर्लीन रोज तो भरून त्याच्या जागेवर ठेवी आणि दुकान बंद करताना ओतून देई. त्याचा दाणा तिनं बरणीतून काढून बशीत ठेवला होता. जिवंत माणसाचा दाणा बाहेर येतो, म्हणून. त्यावर कधी कुणी शब्द काढला नाही.

यंदाच्या सोमवारी टेबलावर मर्ल आणि ऑर्व्हिल दोघंच उरले होते. बाहेर धुकं तारांवर गोठलेलं. रस्त्यापलीकडचं धान्याचं कोठार दिसत नव्हतं. व्हर्लीननं एकाच किटलीतून तीन मग भरले. दोन मगांतून वाफ निघाली. डेल्मरच्या मगातून निघाली नाही.

"लिंकननं देश फाटू दिला नाही," मर्लनं सुरुवात केली. "गुलामांच्या बेड्या तोडल्या. तुझ्या वॉशिंग्टनच्या घरी गुलाम राबत होते, ते बोल की."

"राबत होते. त्याचा डाग पुसत नाही मी. पण सैन्य मुठीत होतं, राजा झाला असता. तो उठला आणि घरी गेला. तुला सफरचंदाच्या पायचा तुकडा संपल्यावर उठवत नाही, मर्ल."

"घरी जाण्यात कसला आलाय मोठेपणा?"

ऑर्व्हिलनं बशीतल्या दाण्याकडे पाहिलं. मर्लचीही नजर बशीकडे गेली आणि त्याला आपलंच बोलणं टोचलं.

"टाका रे दाणे," व्हर्लीन म्हणाली. "चिलीचा रस्सा थंड होतोय."

त्यांनी टाकले. व्हर्लीननं मोजलं, पुन्हा मोजलं. सारखेच. लिंकनवाला वॉल्ट लेकीकडे ॲरिझोनाला राहायला गेला, तो जाताना आपला दाणा खिशात घालून गेला होता.

"बरोबरी कधी झाली नव्हती," मर्ल म्हणाला.

"आताही झालेली नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "डेल्मरचा दाणा आहे."

व्हर्लीनचं फडकं थांबलं. "तो टाकायला डेल्मर कुठाय?"

"जिवंत असेल तर टाकायला येईल. नसेल तर शेवटचा जिथे होता तिथे परत जाईल. लिंकनकडे. तू सांग."

"तुझा वॉशिंग्टन हरेल."

"हरू दे गं." त्यानं आपला मग बाजूला सारला. "माझ्यासाठी गेला तो. रोज तुला ती कॉफी ओतून देताना बघतो मी. किती वर्षं बसवून ठेवणार आहेस त्याला?"

तिला चांगलंच सुनावायचं होतं त्याला. त्याऐवजी तिनं बशीतला दाणा उचलला. तो इतका गार होता की बोटांना चिकटला.

दारावरची घंटी वाजली. दार बंदच होतं.

"वारा," मर्ल म्हणाला. बाहेर धुकं जागचं हलत नव्हतं.

व्हर्लीननं लिंकनच्या बरणीवर हात नेला आणि दाणा सोडला. पडल्याचा आवाज आला नाही. तिघंही ऐकत होते. मग काउंटरच्या पार टोकाला टक्‌ झालं.

कोऱ्या बरणीच्या तळाशी एक दाणा होता. ओला. त्याच्याभोवती काचेवर धुकं धरत होतं.

ऑर्व्हिलनं टोपी काढली. "नाव सांगावं लागतं," तो पुटपुटला. कुणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

ते थांबले. फ्रिज घरघरायचा बंद झाला. नाव आलं नाही. व्हर्लीन टेबलाशी गेली आणि डेल्मरचा मग तिनं दोन्ही हातांनी उचलला. कॉफीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. तिनं अंगठ्यानं दाबला, तसा तो मधोमध फुटला आणि नदीचा वास आला, हिवाळ्यातल्या चिखलाचा.

"इतकं गार होतं होय रे," ती म्हणाली.

तिनं मग मोरीत ओतला, विसळला, पुसला. खुंटीला लावला आणि नाव भिंतीकडे वळवलं. बराच वेळ तिचा हात मगावर तसाच होता.

"मग?" शेवटी मर्लनं विचारलं. "कुणाला दिलं त्यानं?"

"सांगतो म्हणाला होता." व्हर्लीननं फळा पुसला आणि कोराच टांगला. "बोलायचा कुठे तो फारसा. आला, ते पुरे."

तिनं किटली उचलली. ऑर्व्हिलनं आपला मग पुढे केला. तिनं त्याचं मनगट धरून कॉफी ओतली.