वहिनीने दार उघडले

माझ्या नणंदेएवढी खरं बोलणारी बाई बालाघाट जिल्ह्यात दुसरी झाली नाही, आणि देवाने पुन्हा करूही नये. एकच झाली तर निम्मी गल्ली आमच्याशी बोलेनाशी झाली. शिकलेले लोक तिच्या कादंबरीबद्दल लिहिताना तिला निर्भीड म्हणतात. मी चौथी शिकलेली, मला तो शब्द फार कळत नाही. पण या लोकांना कधी तिच्या शेजारी तेरावीच्या पंगतीला बसावं लागलं नाही, एवढं कळतं. आमच्या गल्लीतले वकील गेले तेव्हा घरच्यांनी हौसेने तिला सांगितलं, तुम्ही लेखिका, दोन शब्द बोला. ही उठली आणि म्हणाली, "माणूस वाईट होता. पण बुंदी चांगली झाली, हे मानावं लागते." आणि खाली बसून तिने बुंदी मागितली. मी मान वर केली नाही. फक्त वकिलाची बायको पदराआड हसताना मला दिसली. तिला मी लग्नानंतर पहिल्यांदाच हसताना पाहिलं असेल.

घरात तर विचारूच नका. पाहुणे उठायला लागले की आपण म्हणतो, बसा ना, आता जेवूनच जा. पाहुणेही नाही म्हणतात आणि सगळ्यांची सुटका होते. मी तसं म्हटलं की ही आतून ओरडायची, "वहिनी, भात तर आपल्यापुरताच आहे!" ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणून मी तिला बाई म्हणायची आणि ती मला वहिनी. माझ्या हातच्या वरणात मीठ कमी आहे हे तिने मला पन्नास वर्षं सांगितलं. साठ वर्षं सांगितलं असतं तरी मी वाढवलं नसतं.

तिला लामता गावाकडे दिली होती. नवरा मारायचा. तीन वर्षांनी ती ट्रंक घेऊन निघून आली, मग तिला बैहरला मास्तरणीची नोकरी लागली, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या मागच्या खोलीत बसून तिने ती कादंबरी लिहिली. तिने नावं बदलली होती, पण नाकं तीच ठेवली होती. नवरा त्यात होता, शाळेचा साहेब होता, आणि माझा नवराही होता, कोणताही निर्णय घ्यायची वेळ आली की पेपर उघडून तोंड झाकणारा. तो जंगल खात्यात बाबू होता आणि खरोखरच तसं करायचा. पुस्तक आल्यावर वर्षभर तो बहिणीच्या पंगतीला बसला नाही, पण उशीखालून ते पुस्तकही हलवलं नाही. बायका श्रावणात पोथीच्या फडक्यात गुंडाळून ते घरोघरी न्यायच्या. एवढी भक्ती गल्लीने दुसऱ्या कुठल्या ग्रंथाला दाखवली नाही. शिव्या द्यायला येणारे लोक ओट्यावरूनच विचारायचे, "माह्याबद्दल कोणत्या पानावर आहे?" एक गृहस्थ तर वेगळ्याच कारणाने चिडून आले. "बाई, साऱ्यायचं लिहिलं, माह्यं काहून नाही?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, शोधलं होतं. काही सापडलंच नाही." ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, आणि या अपमानातून बरेही झाले नाहीत.

लोकांना दुसऱ्याची अब्रू गेलेली आवडते, म्हणून वाचतात, असं मी समजायची. पण तिने स्वतःलाही सोडलं नव्हतं. बैहरला एका लग्न झालेल्या मास्तरावर तिचा जीव जडला होता. बस स्टँडवर त्याची वाट पाहत ती उभी राहायची, आणि एक दिवस तो बायकोला घेऊन जीपमधून समोरून गेला तेव्हा आपण चपलेचा पट्टा बांधायला खाली वाकलो, पट्टा तुटलेला नसताना, हे तिने लिहिलं आहे. असं कोण लिहितं? पुढे पुस्तक हिंदीत गेलं आणि पोरी यायला लागल्या. इथल्या पोरींना मराठीपेक्षा हिंदीच जास्त येते. त्या बाईंच्या पायाशी बसायच्या, थोडं पुस्तकाचं बोलायच्या आणि मग तासभर स्वतःचंच सांगायच्या. चहा मी करायची.

त्या पुस्तकात मी एका ओळीपुरती आहे. "वहिनीने दार उघडले, म्हणाली, ये." साऱ्या गावात एकटीला चांगलं म्हटलं म्हणून लोक माझा हेवा करायचे. ती ओळ खोटी आहे.

ती लामत्याहून आली ते मे महिन्यातल्या भर दुपारी. न विचारता सासर सोडून आलेल्या पोरीला घरचा पुरुष येईपर्यंत आत घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. मी बावीस वर्षांची होते, मला रीत पाठ होती. मी खिडकीतून तिला पाहिलं आणि दाराची कडी लावली. ती ओट्यावर ट्रंकेवर बसली. बाराला आली, माझा नवरा साडेपाचला आला. तोवर सारी गल्ली येऊन तिला पाहून गेली. एकदा तिने पाणी मागितलं, मी खिडकीच्या गजातून तांब्या दिला. त्यानंतर त्या दुपारीबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही नाही.

गेल्या साली पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, घरात आम्ही दोघीच. नागपूरहून प्रकाशकाचे कागद आले, चुका दुरुस्त करून पाठवा म्हणून. बाईंची नजर गेली होती, तेव्हा मी वाचायचं आणि तिने सांगायचं. मी अक्षर लावून लावून वाचते. "वहिनी, तू वाचून राह्यली का तांदूळ निवडून राह्यली?" असं ती रोज म्हणायची. शेवटी ते पान आलं. मी ओळ वाचली आणि थांबले.

"काय झालं? चष्मा पडला काय?"

"बाई, हे खोटं आहे. मी दार उघडलं नव्हतं."

"पाणी तर देल्लं होतं ना."

"खिडकीतून."

"हौ. खिडकीतून. वाच पुढं."

"नाही वाचत. सख्ख्या भावाले सोडलं नाही तुम्ही. माह्यंच काहून झाकलं? शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "पुस्तक लिहिलं तवा मले दुसरं घर कुठं होतं, वहिनी? सुट्टी लागली की इथंच येत होती. खरं लिहिलं असतं अन् तुले राग आला असता तर? मले पुन्हा त्या ओट्यावर बसायचं नव्हतं."

साऱ्या जिल्ह्याला न घाबरलेली ही बाई पन्नास वर्षं मला घाबरत होती. मी तिला रोज दोन वेळा वाढत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"आता लिहा मग खरं," मी म्हणाले.

"तूच लिही. तुह्या हातानं लिही."

मी पेन्सिलने ती ओळ खोडली आणि बाजूला माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, 'वहिनीने कडी लावली.' पाकीट पाठवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी बाई गेली. तेरावीला मी बुंदी केली. दोन शब्द बोलायला कोणी उठलं नाही. खरं बोलायची सवय असलेलं घरात दुसरं कोणी नव्हतं.

पुस्तक दिवाळीनंतर आलं. मी आधी ते पान काढलं. वहिनीने दार उघडले, म्हणाली, ये. मी पत्र टाकलं. उत्तर आलं, मजकुरातला बदल लेखिकेच्याच अक्षरात असावा लागतो, आणि त्या आता नाहीत. तिची बाकीची सारी खरी वाक्यं पुस्तकात तशीच आहेत आणि माझ्याबद्दलची खोटी ओळही. आता तिला हात लावणारं कोणी नाही.

पोरी अजून येतात. बाई नाही म्हणून दाराचाच फोटो काढतात. मागच्या महिन्यात बैहरकडून एक आली, कडेवर मूल होतं. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "आजी, मैं भी किताब पढ़कर मायके गई थी। मेरी भाभी ने दरवाज़ा नहीं खोला। आप जैसी भाभी सबको क्यों नहीं मिलती?"

मी तिला सगळं सांगितलं. कडी, तांब्या, साडेपाच, सगळं. मोडक्या हिंदीत, पण एक शब्द सोडला नाही. तिने माझे हात धरले. "आजी, आप मेरा मन रखने के लिए बोल रही हैं," म्हणाली, आणि माझ्या पाया पडून गेली.

मी जन्मभर गोड बोलले आणि लोकांनी मानलं. आता खरं बोलते तर कोणी ऐकत नाही. बाईला विचारायला हवं होतं, हे कसं जमवायचं.

दार मी आता दिवसभर उघडं ठेवते. कुत्री आत येतात, येऊ देते. यंदा मे महिन्यात एक दिवस जेवण झाल्यावर मी ओट्यावर जाऊन बसले, पाहू म्हटलं. एक वाजेपर्यंतच सावली असते. मग ऊन पायावरून वर चढत जातं, आणि तीन वाजता डोळ्यांवर येतं.