भोंग्यांचा सौदा

देव आणि अल्ला या दोघांनाही कमी ऐकू येतं, अशी आमच्या गावातल्या भक्तांची ठाम समजूत झाली होती. मंदिराच्या भजनी मंडळानं भोंगा बसवला, म्हणून मशिदीच्या जमातीनं त्याहून मोठा आणला. मग मंडळानं आणखी एक, जमातीनंही आणखी एक. पहाटे काकडा आणि बांग एकमेकांच्या मानगुटीवर बसू लागले, आणि मधल्या आळीतले आम्ही कानात कापूस घालून झोपू लागलो.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलते. जमातीचे प्रमुख म्हणजे ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं ते. दोघंही बेल्ह्याच्या बैलबाजारातले दलाल, आणि जोडीदार. चाचा जनावराचे दात बघायचे, काका सौदा करायचे. काकांना मोतीबिंदू आणि चाचांना भीड, त्यामुळे एकेकट्याचा उपयोग शून्य. पण भोंग्यांवरून दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या दुकानांत जाणं बंद केलं, तसं या दोघांनाही आपापल्या लोकांसमोर ताठ राहणं भाग पडलं. एका टेम्पोतून बाजाराला जाणारे आता दोन टेम्पोंतून जाऊ लागले. काकांनी एकट्यानं पसंत केलेला बैल नांगराला जुंपला की खाली बसायचा.

"त्या बैलाचं काय घेऊन बसलाय," काकू मला म्हणाली. "हितं तुमचा काका ताटावर बसतो नि घास उचलीत न्हाई. बोलायला माणूसच ऱ्हायलं न्हाई त्याला."

मग मात्र मला काळजी वाटायला लागली. भोंगे गेले खड्ड्यात, म्हातारा झिजत चालला होता.

अशात सलोखा घडवायला पुण्याहून एक धार्मिक संस्था आली. देवळासमोरच्या चौकात फलक लागला, माईक लागला. भाषणांमध्ये सगळ्या नद्या एकाच सागराला मिळाल्या. आमची घोड नदी डिंभ्याच्या धरणातच अडते, हे पाहुण्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. काका आणि चाचांना शाली पांघरल्या, दोघांचे हात धरून उंच केले, फोटो काढले. मग पाहुणे पिंपळवंडीच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून निघून गेले.

गर्दी तशीच उभी. भोंगा आधी कुणी उतरवायचा?

"आधी त्यांनी!" इकडून ओरडा झाला. तिकडूनही तोच.

काका मूळचे तापट. ते तरातरा चाचांपुढं जाऊन बसले आणि अंगावरची शाल काढून दोघांच्या हातांवर टाकली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे आकडा त्या दोघांनाच कळतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे चौक चिडीचूप झाला. काका खाली बघून मान हलवत होते. चाचांनी डोळे मिटले होते. सौदा काही संपेना.

"म्हातारा लई ताणतोय राव," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी काकांनी शाल झटकली. "ठरलं."

"काय ठरलं?" गर्दीतल्या एका पोरानं विचारलं.

"बाजारात इचारतोस का कधी? चल, घरी जा!"

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे जादा भोंगे उतरले, आणि उरलेल्यांची तोंडं शेताकडं वळली. कोण किती नमलं ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे दोन्हीकडची पोरं आपणच जिंकलो म्हणून खुशाल मिरवत राहिली. काका आणि चाचा पुन्हा एका टेम्पोत बसले.

मला काही राहवेना. पुढच्या बाजारात चाचांना एकटं गाठलं. "चाचा, खरं सांगा. त्या दिवशी आधी कोण खाली आलं?"

चाचांनी बैलाच्या तोंडातला हात काढून विजारीला पुसला. "कुनीच न्हाई. बोलीच झाली न्हाई तितं. भोंग्याचं आमी मागनं च्या पिताना ठरवलं."

"मग एवढा वेळ शालीखाली काय चाललं होतं?"

"हात धरून बसलो व्हतो."

"आणि काका मान कशाला हलवत होते?"

चाचा पुन्हा बैलाकडं वळले. "चार मान्सांत रडाय येत व्हतं त्याला. काय करंल मग?"