उटीचा दगड

जया लग्न होऊन बाभुळगावजवळच्या तांड्यात आली, तेव्हा तिला आल्याआल्याच दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. सासऱ्यासमोर पदर नाकाच्या खाली, आणि सासऱ्यासमोर आवाज नाही. काही सांगायचंच असेल तर सासूच्या कानात सांगायचं, सासू पुढं सांगेल. जयाचं माहेर राजूरचं. बाप तिथं जड मशिनी गाडीत चढवणाऱ्या टोळीत होता. त्याचा डबा नेता नेता पोरगी एवढं शिकली होती, की गाडी उभी राहिली की आधी चाकाला उटी, म्हणजे अडकणीचा दगड, आणि मग बाकीची बडबड. पण माहेरची अक्कल सासरी कोण विचारतो? ती मूग गिळून राहिली.

सासरे देवसिंग म्हणजे तांड्यातलं मोठं नाव. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले, त्याचा अभिमान म्हाताऱ्याच्या मिशीत मावत नसे. मुलानं, भारतनं, पिकअप घेऊन जनरेटर, इंजिनं, चक्क्या असली धुडं वाहायचा धंदा धरला, तेव्हा हुकूम सोडायला देवसिंगच उभे राहू लागले. "लादनं आमच्या रक्तात हाय," ते म्हणत. असेल. पण बैल उतारावर आपणहून पाय रोवून उभा राहतो, पिकअप राहत नाही, हे त्या रक्ताला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी एका मंडपवाल्याचा जनरेटर चढवायचा होता. गाडी घरापुढच्या उतारावर, तोंड खाली करून उभी. मागं दोन जाड फळ्या लावलेल्या. वरून दोन गडी दोर ओढत होते, खालून भारत खांदा लावून रेटत होता. दारात उभ्या जयाला दिसलं, की चाकापुढं दगड नाही. हँडब्रेक तर नावापुरताच होता.

"आई, चाकाले उटी नाई लावली," ती सासूच्या कानात म्हणाली.

रुपीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सावरला, दोन पावलं पुढं आल्या. नवऱ्याला चारचौघांत हाक मारणाऱ्यातल्या त्याही नव्हत्या. आधी खाकरल्या. "आयकता का जी? जया म्हनते..."

"थांब व, काम चालू हाय!" देवसिंग मागं न बघताच म्हणाले. "हं, लावा रे जोर!"

जोर लागला. गाडी पुढं सरकली, फळ्या निसटल्या, अन् जनरेटर भारतच्या उजव्या पायावर आला.

यवतमाळच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जया कानात काय म्हणाली होती, ते रुपीबाईंनी तिथल्या बाकड्यावर सांगितलं, तसा म्हातारा सगळ्यांदेखत उसळला. लग्नापासून सुनेशी थेट बोललेले त्याचे पहिले शब्द हे: "तुले दिसलं होतं, त काहून नाई वरडली? तोंड शिवलं होतं का तुयं?"

ते कोणी शिवलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. तांड्याला खापर फोडायला डोकं हवं होतं, ते सापडलं. सुनेला माहीत होतं तरी बोलली नाही, असं बायका पाण्यावर सांगू लागल्या. अन् वाईट हे, की जयालाही हळूहळू तेच पटू लागलं. आपण ओरडलो असतो तर, हा एकच विचार तिला पोखरत राहिला.

दसऱ्यानंतर गाडी पुन्हा निघाली, भाड्याचा ड्रायव्हर ठेवून. त्या आधी म्हाताऱ्यानं नारळ फोडला, पुढं लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबूही चिरडलं. दगड काही लावला नाही.

घरापुढच्या त्याच उतारावर पिठाची चक्की चढवायची होती. गडी कमी पडले, म्हणून देवसिंग स्वतःच खालून रेटायला गेले. जयाची नजर चाकाकडं गेली. चाक हललं.

"मामाजी, हटा! हटा तिथून!"

ती धावली, पदर खांद्यावर पडला तरी तिला भान नव्हतं. दचकून देवसिंग बाजूला झाले. फळी निसटली अन् चक्की खाली येऊन मातीत रुतली, म्हातारा उभा होता नेमकी तिथंच.

देवसिंगांनी चक्कीकडं पाहिलं नाही. सुनेच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. "साऱ्या तांड्यासमोर माह्या अंगावर वरडली. नाक कापलं माहं," एवढं बोलून ते घरात गेले, अन् संध्याकाळी तिच्या हातची भाकर परत पाठवली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते परत आलेलं ताट घेऊन जया भारतच्या खाटेजवळ बसली. निदान हा तरी आपल्या बाजूचा असेल, अशी तिला आशा होती. पाय गेला होता तो याचाच, आणि आज वाचला तो याचाच बाप.

पायजम्याची रिकामी नळी नीट दुमडत भारत म्हणाला, "तू बी ना, जया. येवढ्या जोरानं वरडा लागते का? आईच्या कानात सांगतलं असतं, त आईनं बाबाले सांगतलं असतं ना."