गुरुवारी सातला समुद्राचं पाणी

चहा येईस्तवर माझा एक पराक्रम ऐका. हसायचं तर हसा, पण राजुरीत कुणाला सांगू नका. तसं राजुरीत आता कुणाला ठाऊक नाय असं न्हाई म्हणा. आमच्या मंडळींनी कांदा निवडता निवडता समद्या बायांना सांगून टाकलंय.

आमची पूजा अवसरीला इंजिनिअरिंगला व्हती. वर्गात कोकणातला एक पोरगा, समीर. दोघांचं जमलं. जमलं तर जमलं, पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, आपली काय हरकत? पण नोकरी सोडून हा गडी गावी गेला आन् समुद्रात फळीवर उभं राहायला शिकवायला लागला. सर्फिंग म्हणत्यात त्याला. आता पावण्यांनी इचारलं, जावई काय करतो, तर मी काय सांगायचं राव? फळीवर उभा राहतो?

म्हणलं, आधी डोळ्यांनी बघू. मी आन् पूजाची आई बुधवारी निघालो, गुरुवारी सकाळी सहाला समीरच्या दारात हजर.

तो आमाला सरळ किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथनं दोनशे पावलांवर पाण्याखाली खडक हाय. "काका, वाळूवर लाट कुठंही फुटते. इथं खडकामुळं एकाच जागी फुटते, एकसारखी. सकाळी वारा जमिनीकडून असला की सुंदर उभी राहते. आणि मुख्य म्हणजे, इथं गर्दी नसते."

तिथंच मी त्याला पकडला. "गर्दी न्हाई मग धंदा कसला? आमच्या टोमॅटो मार्केटात ज्या गाळ्यावर गर्दी न्हाई, तिथं कुत्रं झोपतं."

"काका, एका लाटेवर एकच माणूस. दुसरा घुसला की दोघंही पडतात."

"बरं, पाणी कधी असतं?"

"खडकावर कमरेएवढं लागतं. आज सातला आहे. पण ते चंद्रावर असतं, रोज थोडं..."

पुढचं मी ऐकलं न्हाई. सात वाजले, कळलं. तोवर हा वाळूवर बसून नुसता पाण्याकडं बघत राहिला. सातला उठला, फळीवर पालथा पडून हातानं पाणी मारत गेला, एक लाट धरली आन् उभा राहून परत आला. मी घड्याळ लावलं व्हतं. काम अर्ध्या मिनिटाचं, बसणं अर्ध्या तासाचं.

घरी आल्यावर पूजाला म्हणलं, "पोरी, हे काय काम हाय व्हय? कुणीबी करंल."

"मग पप्पा, तुमी करून दाखवा. त्या फळीवर लाटेत एकदा उभं राहिलात तर मी हे लग्न करणार नाय."

"शब्द देतीस?"

"दिला."

आता मी कोण ते तुमाला सांगायला पायजे. राजुरीतली निम्मी पोरं माझ्या विहिरीत पोहायला शिकली. या वयातबी काठावरनं सूर मारतो मी. मला फळीचं काय कवतिक?

पुढच्या गुरुवारी पौर्णिमा, दिवस चांगला, म्हणून बोलणी त्याच दिवशी ठरली व्हती. आमी बुधवारीच मुक्कामाला गेलो. मनात हिशेब पक्का. आमच्याकडं शेतीची लाईट वारावर असती. कुठल्या वारी दिवसा, कुठल्या वारी रात्री, टाईमटेबल ठरलेलं. मागच्या गुरुवारी सातला पाणी व्हतं, म्हणजे ह्याबी गुरुवारी सातला. सोयरिकीला मी तिथी बघितली आन् समुद्राला वार. शाणपणा बघा.

सकाळी साडेसहाला समीरची फळी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर गेलो, तर पाणीच न्हाई. सगळा खडक उघडा, काळा ठिक्कर. मला शंका आली असंल असं वाटतं का तुमाला? बिलकूल न्हाई. आमचं रान पाटाच्या पार शेवटाला. वर पाणी सुटलं तरी आमच्यापतूर यायला उशीर व्हतोच. म्हणून आपण आधीच जाऊन बसायचं, अशी सवय.

गेलो खडकाच्या टोकाला. समीरनं जिथं लाट धरली व्हती तिथं फळी ठेवली, तिची दोरी पायाला बांधली आन् पडलो पालथा. येळ फुकट कशाला घालवायचा, म्हणून हातानं हवा मारली, उठून उभा राहिलो, परत पालथा. असं धा-बारा येळा केलं. एकदाबी पडलो न्हाई. म्हणलं, ह्याला मास्तर लागतोय कशाला?

तासाभरानं बघतो तर दोन्हीकडची माणसं किनाऱ्यावर गोळा झालेली. समदी हात हलवतायत. मीबी हलवला. त्यांना बघायला म्हणून आणखी एकदा उभा राहिलो. तशी पूजाची आई दोन्ही हातांनी पदर हलवायला लागली. म्हणलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बाईला नवऱ्याचं कवतिक वाटलंय.

ती मधी पाणी बघा म्हणत व्हती. म्हंजे माझ्या आन् किनाऱ्याच्या मधी. पाणी समुद्राकडनं येणार असं मी धरून चाललो व्हतो, तर मधला सखल भाग आधीच भरलेला. परतीची वाट बंद. मी तिकडं बघतोय तोवर पाठीमागनं लाट आली.

विहिरीचं पाणी कधी कुणाच्या अंगावर धावून येत न्हाई, भाऊ. ह्यानं मला उचललं आन् आपटलं. टोपी गेली, गुडघे सोलले, नाकातोंडात खारं पाणी. फळी एकीकडं ओढतीय, मी दुसरीकडं. खरं सांगतो, लई भ्यालो. पूजाचं लगीन बघायला मी राहतोय का न्हाई, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात समीर पोहत आला. "काका, धडपडू नका. फळी धरून पडून राहा."

"अरे चल की लवकर."

"थांबा. ही नको. हीपण नको." तीन लाटा त्यानं तशाच जाऊ दिल्या. चौथीला म्हणाला, "ही आपली," आन् फळीला असा रेटा दिला की मी पालथाच्या पालथा वाळूवर.

मी तिथंच ठरवलं. कुठली लाट सोडायची हे ज्याला कळतं, त्याच्या हातात पोर द्यायला भ्यायचं कारण न्हाई. अंगावर चादर घेऊन, चहाचा कप धरून ओसरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमचा होकार हाय."

मी पावण्यांच्या होकाराची वाट बघतोय. समीरची आई उठली, पूजाच्या आईला दाराआड घेऊन गेली. दार पातळ व्हतं.

"मुलगी लाखात एक आहे हो. आम्हाला पसंतच आहे. पण विचारलेलं बरं. ते कोरड्या खडकावर तासभर... असं तुमच्या घराण्यात आणखी कुणाला आहे का?"

"नाय ओ," आमची मंडळी म्हणाली. "ते ह्यांचं ह्यांच्यापुरतंच हाय. पोरगी समदी माझ्यावर गेलीय."

मग सुपारी फुटली.